लांडग्यासाठी घडलेली धाव

सुपे मागे टाकून चौफुल्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बराच वेळ माळ लागतो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, रात्री साडेदहाच्या सुमारास मोरगावहून पुण्याला परतत होतो. पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे एकदम पेटले, गाडी आडवी होता होता थांबली. उतरून पाहिलं तर डांबरावर चिंकाऱ्याची, म्हणजे माळावरच्या छोट्या हरणाची, मादी पडली होती. मागचा एक पाय मोडलेला, डोळे उघडे, श्वास भराभर चाललेला. गाडीवाल्या मुलाचे हात थरथरत होते.

मोटारसायकलवरून जाणारे दोघं थांबले. त्यातला एक अगदी सहज म्हणाला, "ती काय आता वाचत नाय. डिकीत टाका, मटण झकास लागतंय." तेवढ्यात शेजारच्या रानात वाडा बसवलेले एक म्हातारे धनगर बॅटरी घेऊन आले. "दादा, हात नका लावू. फॉरेस्टवाल्यांना फोन करा. आन् त्या लाइटी बंद करा आधी." मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून अलगद तिच्या डोळ्यांवर टाकली. तिचा श्वास थोडा संथ झाला. तासाभरानं वनरक्षक आले आणि तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं की ती पहाटे गेली. "पाय जोडता आला असता," पशुवैद्य म्हणाले, "पण ती भीतीनंच गेली."

त्या एका वाक्यानं मला पुष्कळ वाचायला लावलं. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळू शकणारा प्राणी सात मीटरच्या रस्त्यावर सापडतोच कसा? त्या वेगानं रस्ता ओलांडायला अर्धा सेकंदही पुरतो. पाय कमी पडत नाहीत, हे उघड आहे.

आधी तिच्या डोळ्यांकडे पाहू. हरणाच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक चमकता थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश दृष्टिपटलातून एकदा जातो, या थरावर आपटून पुन्हा एकदा जातो, म्हणजे चांदण्यातला एकेक किरण दोनदा वापरला जातो. रात्री गाडीच्या उजेडात डोळे चमकताना दिसतात ते यामुळेच. शिवाय दृष्टिपटलात अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी खच्चून भरलेल्या असतात आणि काळोखात बाहुली भरपूर मोठी होते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं सुमारे ३०० अंशांचा परिसर मान न वळवता दिसतो. दबा धरून आलेलं जनावर हललं की लगेच कळावं यासाठी याहून चांगली रचना सुचणार नाही.

या डोळ्यावर अचानक प्रखर झोत पडला की मात्र सगळं उलटतं. दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य तीव्र प्रकाशात क्षणात विरतं आणि पुन्हा तयार व्हायला त्याला काही मिनिटं लागतात. सिनेमागृहातल्या अंधारातून भर दुपारी बाहेर आल्यावर आपल्याला जे होतं, त्याच्या कितीतरी पट जास्त. त्या घटकेला हरणाला गाडी दिसतच नाही. दिसतो तो पांढरा भडका, आणि भोवतीचा सगळा माळ, पळण्याची वाट, कळप, सारं नाहीसं होतं. म्हाताऱ्या धनगराला ऱ्होडॉप्सिन ठाऊक नव्हतं, पण "लाइटी बंद करा" हे त्या रात्रीचं सगळ्यात शास्त्रशुद्ध वाक्य होतं.

न दिसणारा धोका समोर असला की हरीण करतं ते त्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षं केलं: जागच्या जागी थिजणं. लांडग्याची नजर हालचालीवर असते, न हललेलं हरीण कित्येकदा वाचतं. थिजण्यानं काम झालं नाही तर शेवटच्या क्षणी उसळून दिशा बदलायची. लांडगा त्या वळणावर मागे पडतो. गाडीसमोर हीच उसळी जीवघेणी ठरते, कारण आपण कडेनं काढायला जातो आणि हरीण नेमकं त्याच कडेला झेप घेतं.

अंतराचा अंदाज हा आणखी एक भाग. धोका किती वेगानं येतोय यापेक्षा तो किती जवळ आलाय, यावर अनेक प्राणी पळायचं ठरवतात. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काऊबर्ड या पक्ष्यांना पडद्यावर अंगावर येणारी गाडी दाखवली. वेग कितीही असला तरी पक्षी साधारण सारख्याच अंतरावर उडू पाहत होते. ताशी १२० किलोमीटरच्या पुढे त्यांना उडायला वेळच उरत नव्हता. हरीण म्हणजे पक्षी नव्हे, पण लांडगा किती वेगानं येतो याची त्याच्या मेंदूतली कमाल मर्यादाही ठरलेलीच आहे. गाडीच्या वेगानं न थकता धावत येणारं काही निसर्गानं त्याच्या मागे कधी लावलं नाही.

आपली बाजू काही फार बरी नाही. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. रस्त्यावर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८. मंद झोताच्या दिव्यात साधारण ४० ते ६० मीटरपुढचं नीट दिसत नाही. म्हणजे ऐंशीच्या वेगानं जाणारा माणूस आपल्याला दिसतं त्यापलीकडे गाडी चालवत असतो. साठवर हाच हिशेब ४५ मीटरचा होतो. वीस किलोमीटरनं २३ मीटर वाचतात.

चिंकारा वीस-पंचवीस किलोचा. चारचाकीचा बंपर फुटतो, माणूस बहुधा वाचतो. पण पुण्याच्या परिसरात रस्त्यावर दुचाकी जास्त, आणि पन्नासच्या वेगात पंचवीस किलोची धडक दुचाकीस्वाराला पुरते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात गाठ पडते ती सांबराशी. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो. त्याचे पाय लांब, त्यामुळे गाडी पायांना लागते आणि धड बॉनेटवरून थेट काचेवर येतं. म्हणून घाटात रात्रीचा वेग आणखी कमी हवा.

इथे थोडं नावांबद्दल, कारण आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. सांबर, चितळ आणि भेकर यांच्या नराची शिंगं झडतात आणि पुन्हा उगवतात. चिंकारा आणि काळवीट यांची शिंगं जन्मभर टिकतात. ते गाय-शेळीच्या कुळातले. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी १९९७ साली जाहीर झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा तेवढ्यात मावत नाही. तो शेतात येतो, पडीक रानात येतो, आणि रस्ता ओलांडतो.

आता ती भीतीनं कशी गेली ते. जिवाच्या आकांतानं पळताना स्नायू त्यांच्यात साठवलेली ग्लायकोजेन नावाची साखर जाळतात. प्राणवायू कमी पडला की लॅक्टिक आम्ल साचतं. पळणं संपलं की शरीर ते निस्तरतं. पण पकडलेल्या, बांधलेल्या, माणसांनी घेरलेल्या हरणाचं शरीर अजून पळतच असतं. स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं, मूत्रपिंडं बंद पाडतं, हृदय थकतं. काही तासांत किंवा काही दिवसांत हरीण मरतं, बाहेरून फारशी जखम नसतानाही. मदत करू पाहणारी गर्दी, मोबाइलचे फ्लॅश, पाणी पाजायचा आग्रह, कुरवाळणं, हे सगळं त्या जीवाला लांडग्याचा जबडाच वाटतो. घोंगडीनं डोळे झाकल्यावर तिचा श्वास का निवला, ते यावरून समजावं.

मोटारसायकलवाल्याच्या "मटण झकास" या बोलण्यालाही हेच रसायन उत्तर देतं. शांतपणे मेलेल्या जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन शिल्लक असतं. मृत्यूनंतर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं, मांसाचा सामू (पीएच) ७ वरून साडेपाचाच्या आसपास उतरतो, आणि त्या आम्लतेत जिवाणू सहज वाढत नाहीत. दमछाक होऊन मेलेल्या जनावराजवळ ही साखर उरलेलीच नसते. मांस काळपट, चिकट, कोरडं राहतं आणि लवकर नासतं. गाडीच्या धडकेत आतडी फुटली असतील तर त्यातली घाण आतल्या आत मांसात मिसळलेली असते. स्कॉटलंड, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांत, जिथे हरणाची शिकार कायद्यानं चालते, तिथले जाणते शिकारी म्हणूनच बेसावध उभ्या जनावरावर एकच नेमकी गोळी मारायचा आणि लगेच पोट साफ करून मांस थंड करायचा आग्रह धरतात. हरणाच्या मांसात चरबी अगदी कमी. जास्त आचेवर ते वाळून चामडं होतं, तर पायाचे कोलॅजननं भरलेले तुकडे मंद आचेवर तासन्‌तास ठेवले तर कोलॅजनचं जिलेटिन होऊन मऊ पडतात. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई लावतात, तिच्यातलं पपेन प्रथिनांचे धागे तोडून तेच काम झटपट करतं.

त्या देशांतही सगळं निर्धोक नाही. शिशाची गोळी हाडावर फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. डेन्मार्कनं शिशाचे छर्रे १९९६ मध्येच बंद केले. शिवाय १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसलेला हरणांचा एक झिजवणारा मेंदूरोग उत्तर अमेरिकेत पसरला आहे. तो ज्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे, म्हणजे प्रायॉनमुळे होतो, ती शिजवून नष्ट होत नाहीत. माणसाला तो झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित भागातल्या शिकाऱ्यांना खाण्याआधी चाचणी करून घ्या असं सांगितलं जातं.

पुण्याच्या मातीत हरणाचं मांस शिजलेलंच नाही असं मात्र मुळीच नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. तिथल्या हाडांत गुराढोरांबरोबर काळवीट आणि चितळही होते. शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडं झालं, शेती हलाखीची झाली, तसा शिकारीवरचा भर वाढला, असं अभ्यासकांनी मांडलं. त्या माणसांजवळ पर्याय थोडे होते आणि हरणं अफाट होती. आज हिशेब पूर्ण उलटा आहे.

म्हणून कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत येतात. शिकार केली तर किमान तीन वर्षं कैद. मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो, आणि तो ताब्यात आला तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. डिकीत टाकून नेलेलं हरीण म्हणजे घरी नेलेला गुन्हाच.

मग उपाय काय? मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या २०२१ च्या एका अभ्यासानं. ज्या जिल्ह्यांत लांडगे परत आले, तिथे हरणं आणि गाड्यांच्या टकरी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्या. लांडग्यांनी हरणं खाल्ली म्हणून घटल्या असतील, तर त्यात नवल नव्हतं. पण घटीचा मोठा वाटा भीतीचा निघाला. लांडगे चालायला सोप्या, मोकळ्या पट्ट्या निवडतात, म्हणजे रस्ते, वाटा, पाइपलाइनच्या कडा. हरणं त्या पट्ट्यांपासून दूर राहायला शिकली.

विस्कॉन्सिनचं जंगल आणि सुप्याचा माळ एकसारखे नाहीत, आणि आपल्याकडे असा अभ्यास झाल्याशिवाय तसंच घडेल असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे लांडगा आहे! पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूरच्या माळरानावर तो अजून टिकून आहे. सगळ्या भारतात मिळून तीन हजारांच्या आसपास उरलेल्या या लांडग्याचं पुणे जिल्हा हे महत्त्वाचं घर आहे. आणि आपण त्या घराची नोंद "पडीक जमीन" म्हणून करतो. माळावर झाडं लावतो, प्लॉट पाडतो, कोंबड्यांचा कचरा फेकतो. कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात. ती चिंकाऱ्याला टोळीनं हाकलत रस्त्यावर आणतात, लांडग्यांना रोग देतात, त्यांच्याशी संकरही करतात. त्या रात्री म्हातारे धनगरही म्हणाले होते, "कुत्र्यांनी हुसकलं असंल, नायतर ही एकटी न्हवती यायची."

रस्ते तर रुंद होणारच आहेत. पालखी मार्गांचं चौपदरीकरण याच माळांना छेदून जातं. इथे मला पेंच व्याघ्र प्रकल्पाचं उदाहरण आशेचं वाटतं. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, महाराष्ट्राच्या हद्दीत, वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्गिका बांधल्या, काही पूल आणि काही भुयारी वाटा. सगळ्यात लांब मार्गिका ७५० मीटरची. कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले, वाघसुद्धा, आणि सर्वाधिक वेळा चितळ. कॅनडातल्या बँफमध्ये कुंपण आणि मार्गिका एकत्र केल्यावर प्राण्यांच्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. नुसती कुंपणं प्राण्यांचे कळप तोडतात आणि नुसत्या पुलांकडे प्राणी वळत नाहीत, दोन्ही जोडीनं लागतात. मोकळ्या माळावर राहणारा चिंकारा अरुंद, काळोख्या बोगद्यात शिरायला कचरतो. त्याच्यासाठी पलीकडचं आभाळ दिसेल इतकी रुंद आणि उंच वाट लागेल. हे आराखड्यातच ठरायला हवं, डांबर पडल्यावर नव्हे.

तोवर त्या रस्त्यानं जाताना मी सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत साठच्या वर जात नाही. कडेला डोळे चमकले की झोत खाली करतो, हॉर्न देतो, सरळ रेषेत ब्रेक दाबतो. एक हरीण गेलं की लगेच गाडी सोडत नाही, मागून दुसरं येतं. आणि जखमी जनावर दिसलं तर दिवे बंद, गर्दी लांब, डोळ्यांवर कापड, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन. मेलेलं दिसलं तरी फोन करतो, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगतो. दोन वर्षांत सुपे ते चौफुला या टप्प्यात माझ्या वहीत असे चार आकडे आलेत. त्यातले तीन एकाच ओढ्याच्या मोरीच्या आसपासचे आहेत.