जंबुपार दिवे व नेत्रइजा

घरगुती वापराच्या जंबुपार (अतिनील, यूव्ही) दिव्यांच्या प्रारणामुळे डोळ्याच्या पृष्ठभागाला होणारी इजा. पारपटलाचा (स्वच्छमंडलाचा, म्हणजे कॉर्नियाचा) तीव्र दाह, म्हणजे फोटोकेराटायटिस, हा तिचा नेहमी आढळणारा प्रकार होय. वेल्डिंगची आर्क लागल्यावर किंवा बर्फाळ प्रदेशातील उन्हाने होणारा विकार मूलतः हाच.

बर्फावरील झळाळीने डोळे दिपून निकामी होण्याचा व त्यावर डोळ्यांसमोर काळी वस्तू धरण्याचा उल्लेख ग्रीक लेखक झेनोफन यांच्या ‘ॲनाबसिस’मध्ये (इ. स. पू. चौथे शतक) आहे. कृत्रिम प्रकाशाने झालेल्या इजेची पहिली नोंद कोणाची, याविषयी मात्र एकमत नाही. काही लेखक फ्रेंच भौतिकीविज्ञ फूको यांच्या कार्बन आर्कवरील कामापर्यंत (१८४३) मागे जातात. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८५८ मध्ये विद्युत् आर्कवर काम करणाऱ्यांच्या त्वचेच्या व डोळ्यांच्या दाहाचे वर्णन करून उष्णतेऐवजी ‘रासायनिक’ किरणांकडे बोट दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांनी जंबुपार किरणांवर कारण निश्चित केले ते स्वीडिश नेत्रवैद्य विडमार्क यांनी, १८८९ च्या सुमारास. कारणमीमांसेचे श्रेय त्यांना देणेच अधिक सयुक्तिक दिसते.

सर्वांत घातक तरंगलांबी कोणती, हाही वाद बराच काळ चालला. कोगन व किन्सी या संशोधकांना (१९४६) ती २८८ नॅनोमीटरच्या आसपास आढळली. पिट्स यांच्या १९७० च्या दशकातील मोजमापांत ती २७० आली. फरकाचा काही भाग प्रकाशपट्टा किती अरुंद घेतला व इजा कोणत्या खुणेवरून ठरवली यातून आला असावा. डोळ्यावर किती प्रारण पडू द्यावे याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा आज २७० हेच शिखर धरून आखल्या जातात : तेथे आठ तासांत ३ मिलिज्यूल प्रति चौ. सेंमी., तर जंतुनाशक दिव्याच्या २५४ नॅनोमीटरला ६.

जंतुनाशक दिवा हा बहुधा कमी दाबाच्या पाऱ्याचा दिवा; त्यात खर्च होणाऱ्या विजेपैकी सुमारे एक तृतीयांश याच २५३.७ नॅनोमीटरच्या रेषेत बाहेर पडते. उघड्या ३६ वॅटच्या नळीपासून १ मीटरवर तीव्रता सुमारे ०.१ मिलिवॅट प्रति चौ. सेंमी. असते, म्हणजे दिवसाची मर्यादा एका मिनिटात संपते. १५ वॅटच्या नळीला सुमारे दोन मिनिटे लागतात. अर्ध्या मीटरवर हा काळ जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. पॉलिश केलेला ॲल्युमिनियमचा परावर्तक असेल तर किरण आडबाजूनेही पोचतात. पांढऱ्या तैलरंगाची भिंत त्यामानाने फारच थोडे परावर्तन करते.

धोक्याचे मूळ इशारा न मिळण्यात आहे. दिसते ती फक्त फिकट निळी झाक. तीवरून यूव्ही-सीची (जंतुनाशक दिव्याच्या आखूड तरंगलांबीच्या जंबुपार किरणांची) मात्रा कळत नाही. डोळा दिपत नाही, बाहुली पुरेशी आकसत नाही, वेदनाही होत नाही. वरच्या थरातील पेशी मरून गळू लागल्या की मज्जातंतूंची टोके उघडी पडतात, आणि याला साधारण ६ ते १२ तास लागतात. संध्याकाळी दिव्याखाली बसलेला माणूस मध्यरात्री डोळ्यांत वाळू खुपत असल्यासारखा जागा होतो. दिव्याची आठवण त्याला विचारल्याखेरीज होत नाही. चेहरा व मान लाल असल्यास निदान सोपे जाते. फ्लुओरेसीन हा रंग डोळ्यात टाकून पाहिल्यास पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या पट्ट्यात बारीक ठिपके रंगतात.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत अशा दिव्यांची घरोघरी खरेदी झाली, आणि मायामी व हाँगकाँग येथील रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत आली. जागतिक आरोग्य संघटनेने हात वा त्वचा या दिव्यांनी निर्जंतुक करू नये असे त्याच वर्षी स्पष्ट केले.

घरच्या पाणी शुद्धीकरण यंत्रातील दिवा बंद स्टीलच्या नळकांड्यात असतो. तो चालू ठेवून झाकण उघडणे एवढाच त्याचा धोका, म्हणून आधी प्लग काढावा. माश्या पकडण्याच्या यंत्रातील नळी यूव्ही-ए (लांब तरंगलांबीचे जंबुपार किरण, सुमारे ३६५ नॅनोमीटर) देते व तिचा हा धोका नसतो. परंतु जंतुनाशक नळीची टोके साध्या ट्यूबलाइटच्या पट्टीत बसतात, आणि बदलताना चुकून तीच लावली गेल्याच्या घटना घडल्या आहेत. पांढरी भुकटी नसलेली, आरपार दिसणारी काच ही तिची खूण. खोलीतील दिव्याचे बटण दाराबाहेर असावे. साधी खिडकीची काच २५४ नॅनोमीटर अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. साधा चष्मा समोरून अडवतो, बाजूंनी नाही. त्यामुळे कडा झाकणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल लागतो.

उपचारात कॉन्टॅक्ट लेन्स काढणे, अंधारी खोली, थंड पट्टी, परिरक्षकरहित कृत्रिम अश्रू व वेदनाशामक यांचा समावेश होतो. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी डॉक्टर प्रतिजैविक मलम देतात. डोळे चोळू नयेत; दूध, बटाट्याचा काप, गुलाबपाणी घालू नये. बहुतेक रुग्ण २४ ते ७२ तासांत बरे होतात. त्यापुढे वेदना राहिल्यास, नजर अंधुक झाल्यास किंवा एकाच डोळ्याला त्रास असल्यास (दुसरे कारण संभवते) नेत्रतपासणी आवश्यक ठरते. डोळा बधिर करणारे थेंब तपासणीपुरतेच वापरतात. ते घरी वारंवार घातल्यास जखम भरत नाही व पारपटलाला व्रण पडू शकतो.