धन्य की संत? तिकिटाखाली नेमकं काय लिहायचं

खान्देशातल्या जुन्या संग्रहांत, विशेषतः भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून आलेल्या अल्बमांत, कॅथलिक हुतात्म्यांची परदेशी तिकिटं सापडतात. खाली पेन्सिलीने सरसकट 'संत' लिहिलेलं असतं. संग्राहकाने हे टाळायलाच हवं, कारण तिकीट कुठल्या प्रसंगाचं आहे हीच त्याची खरी ओळख.

कॅथलिक चर्चमध्ये 'धन्य' ही आधीची पायरी, 'संत' ही पुढची. धन्य ठरलेल्या व्यक्तीची जाहीर उपासना तिच्या प्रांतापुरती किंवा धर्मसंघापुरती असते. संतपद मिळालं की जगभरच्या चर्चमध्ये. हुतात्म्याला आणखी एक सवलत आहे. श्रद्धेपायी मरण आलं हे मान्य झालं, की धन्य ठरायला चमत्काराचा पुरावा लागत नाही. संतपदासाठी मात्र तो सहसा मागतात.

आपल्या जवळचं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं. धुळ्याहून सेंधवा ओलांडून इंदूरला जातो, त्याच माळव्यात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या गरीब शेतमजुरांसाठी राबल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांना भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात त्यांना धन्य घोषित केलं गेलं.

आता तिकिटांकडे या. एडिथ स्टाइन, ज्यू घरात जन्मलेली तत्त्वज्ञ, पुढे कार्मेलाइट या कॅथलिक धर्मसंघातली जोगीण; १९४२ मध्ये आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. पश्चिम जर्मनीने तिच्यावर १९८३ मध्ये तिकीट काढलं आणि १९८८ मध्ये पुन्हा. दोन्ही ८० फेनिगचीच, म्हणून हमखास घोटाळा होतो. १९८८ च्या तिकिटावर मात्र दोन चेहरे आहेत: एडिथ आणि पाद्री रूपर्ट मायर. दोघंही मे १९८७ मध्ये धन्य ठरले, त्याचं हे स्मरण. मायर हुतात्मा नव्हेत, हेही नोंदवा. १९८३ चं तिकीट धन्यघोषणेच्या रांगेत लावलं तर ते सरळ चुकीचं, कारण तेव्हा ती घोषणा झालीच नव्हती. संतपद तर तिला ११ ऑक्टोबर १९९८ ला मिळालं.

वसईचे गोन्सालो गार्सिया यांचं उत्तर सोपं. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १६२७ ला धन्य, १८६२ ला संत. पहिलं डाक तिकीटच १८४० चं, तेव्हा त्यांच्या धन्यघोषणेचं समकालीन तिकीट असणं शक्यच नाही.

सगळ्यात अवघड पोलिश पाद्री मॅक्सिमिलियन कोल्बे. आउश्वित्झमध्ये दुसऱ्या कैद्याच्या जागी उपासमारीच्या कोठडीत गेले. १९७१ मध्ये धन्य झाले ते हुतात्मा म्हणून नव्हे. १० ऑक्टोबर १९८२ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत केलं ते मात्र हुतात्मा म्हणून. म्हणून त्यांच्या १९७३ च्या जर्मन तिकिटाखाली 'धन्य' एवढंच लिहावं, आणि १९८२ च्या पोलिश तिकिटाखाली 'संत, हुतात्मा'.