ओपेथचं ‘डिलिव्हरन्स’ कोणतं आणि ‘डॅम्नेशन’ कोणतं

ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड नव्यानं ऐकणाऱ्याची एक फजिती ठरलेली. कुणीतरी सांगतं, ‘डॅम्नेशन’ लाव, शांत आहे. आणि हा लावतो ‘डिलिव्हरन्स’. काही सेकंदांत त्यातलं पहिलं गाणं ‘रीथ’ अंगावर कोसळतं. यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. दोन्ही नावं ‘ड’वरून, दोन्ही मुखपृष्ठं ट्रॅव्हिस स्मिथची आणि सारखीच काळपट. शिवाय मुक्तीचं नाव घेतलेला अल्बम गुरगुरतो आणि शापाचं नाव घेतलेला हळू आवाजात गातो.

दोन्ही अल्बम जन्मले एकाच वेळी. स्टॉकहोमचा हा बँड २००१च्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’मुळे स्वीडनबाहेर गाजू लागला होता. पुढचा अल्बम जड करायचा की सौम्य, हा प्रश्न होता. कॅटाटोनिया या दुसऱ्या स्वीडिश बँडचा योनास रेंक्से म्हणाला, दोन्ही कर. गायक-गिटारवादक मिकाएल ऑकरफेल्टला ते पटलं आणि २००२च्या उन्हाळ्यात गोथेनबर्गमध्ये एकाच हंगामात दोन अल्बमचं रेकॉर्डिंग झालं. तालीम अपुरी, वेळ कमी. त्याच काळात ऑकरफेल्टची आजी अपघातात गेली. दोन्ही अल्बम तिला अर्पण केलेले आहेत. वादक तेच चौघं: ऑकरफेल्ट, पीटर लिंडग्रेन, मार्टिन मेंडेझ, मार्टिन लोपेझ. सोबतीला निर्माता म्हणून पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश बँडचा स्टीव्हन विल्सन. ‘डिलिव्हरन्स’ नोव्हेंबर २००२मध्ये आला, ‘डॅम्नेशन’ एप्रिल २००३मध्ये.

ओळखायची सोपी खूण म्हणजे ग्रोल, घशातून काढलेला गुरगुरता आवाज. ‘डॅम्नेशन’मध्ये तो औषधालाही नाही. पण यावरून ‘एक जड, एक हलका’ अशी जी वाटणी केली जाते, ती मला अर्धवट वाटते. ‘डिलिव्हरन्स’मधलं ‘अ फेअर जजमेंट’ पियानोवर सुरू होतं आणि दहा मिनिटं जवळजवळ स्वच्छ आवाजातच गायलं जातं. त्याला लागूनच ‘फॉर अ‍ॅब्सेंट फ्रेंड्स’ येतं, दोनेक मिनिटांचा निव्वळ गिटारचा तुकडा. तेवढंच कुणी ऐकवलं, तर हे ‘डॅम्नेशन’च आहे अशी पैज लावाल आणि हराल.

उलट ‘डॅम्नेशन’ला अनेकजण अकूस्टिक अल्बम म्हणतात. तेही खरं नाही. इलेक्ट्रिक गिटार आहेत, पूर्ण ड्रम आहेत. फक्त गिटारचा खरखरीत डिस्टॉर्शन काढून घेतलाय. ती मोकळी झालेली जागा मेलोट्रॉननं भरली आहे. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिन किंवा बासरीच्या ध्वनिमुद्रित सुरांची टेप असते; पट्टी दाबली की टेप फिरते आणि सूर किंचित थरथरत बाहेर येतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचं हे लाडकं वाद्य. ‘विंडोपेन’ या पहिल्याच गाण्यापासून ते मागे सतत धुक्यासारखं राहतं.

मिक्सिंगही, म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचं कामही, वेगवेगळ्या हातांनी झालं. ‘डिलिव्हरन्स’ अँडी स्नीपनं मिक्स केला, म्हणून त्याचे ड्रम छातीवर आदळतात. ‘डॅम्नेशन’ विल्सननं स्वतःकडे ठेवला. ‘डेथ व्हिस्पर्ड अ ललबाय’चे शब्दही त्याचेच. आकारही निराळा: तिकडे सहा गाण्यांची बासष्ट मिनिटं, इकडे आठ गाण्यांची त्रेचाळीस.

‘डिलिव्हरन्स’ या शीर्षकगीताचा शेवट मात्र सवडीनं ऐकावा. साडेतेरा मिनिटांच्या गाण्यातली अखेरची काही मिनिटं एकच रिफ (सुरांचा छोटा तुकडा), गिटार आणि बेस ड्रम एकमेकांत अडकून, पुन्हा पुन्हा. आता थांबेल असं वाटतं तेव्हा पुन्हा सुरू. मैफलीत याच जागी सगळ्या माना एका तालात हलतात.

तरी दोघांत जास्त काळाकुट्ट कोणता, असं विचाराल तर मी ‘डॅम्नेशन’ म्हणेन. ‘डिलिव्हरन्स’मधल्या संतापाला ओरडून बाहेर पडता येतं. ‘होप लीव्ह्ज’ किंवा ‘वीकनेस’मधल्या दुःखाला तशी वाट नाही, ‘वीकनेस’मध्ये तर ड्रमही नाहीत.

बक्षीस कुणाला? स्वीडनचा ग्रॅमिस पुरस्कार ‘डिलिव्हरन्स’ला मिळाला. पण बँड पुढे वळला तो ‘डॅम्नेशन’च्या दिशेनं. २०११च्या ‘हेरिटेज’पासून ग्रोल गायब झाला आणि स्टुडिओ अल्बममध्ये परतला थेट २०२४मध्ये.

दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचे असतील, तर २००३मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये चित्रित झालेली ‘लॅमेंटेशन्स’ची मैफल बघा: आधी सगळं ‘डॅम्नेशन’, मग जड गाणी. २०१५मध्ये दोन्ही अल्बम एकत्रही निघाले, पण त्यात ‘डिलिव्हरन्स’ ब्रूस सोर्डनं नव्यानं मिक्स केलेला आहे. त्यामुळे ‘डिलिव्हरन्स’च्या आवाजावरून कुणाशी वाद घालायचा असेल, तर समोरच्यानं २००२चा ऐकलाय की २०१५चा, हे आधी विचारून घ्या.