खासगी मातीच्या धरणावरील जलविहार आणि सांडव्याची सुरक्षितता : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या जागेतील लहान मातीच्या धरणात नौकाविहार, पोहणे किंवा गळाने मासेमारी सुरू करू इच्छिणारे ग्राहक आमच्याकडे बहुधा दोन मागण्या घेऊन येतात. पाणी आणखी फूटभर वर राहावे आणि साठ्यातील मासे सांडव्यावरून (धरणातील जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवरून) वाहून जाऊ नयेत. त्यासाठी सांडव्यात फळ्या, वाळूची पोती किंवा बारीक जाळी बसवून देण्यास आम्ही नकार देतो. काहींना हा नकार आडमुठेपणाचा वाटतो, म्हणून त्यामागचे कारण येथे सविस्तर देत आहोत.

मातीच्या भरावाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की खालच्या उताराची माती खरवडली जाते, तेथे घळ पडते, ती माथ्याकडे सरकत जाते आणि काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, धरण फुटते. असे होऊ नये याची सारी भिस्त सांडव्यावर असते. सांडव्याचा विसर्ग, म्हणजे त्यातून दर सेकंदाला बाहेर पडणारे पाणी, त्याच्या रुंदीवर आणि उंबऱ्यावरून (ज्या कडेवरून पाणी बाहेर पडते तिच्यावरून) वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवर ठरतो. मात्र ही उंची निम्मी झाली, तर विसर्ग निम्म्यावर न थांबता सुमारे 35 टक्क्यांपर्यंत घसरतो. समजा, पुराचे पाणी उंबऱ्यावरून 60 सेंटिमीटर उंचीने वाहील असा हिशेब धरून आपला सांडवा बांधलेला आहे. त्यात 30 सेंटिमीटर उंचीची फळी घातली, तर पुराच्या त्याच पातळीला सांडव्याची जवळजवळ दोन तृतीयांश क्षमता नाहीशी होते. न सामावलेले पाणी आधी लाटांसाठी राखलेली मोकळी उंची व्यापते आणि मग माथ्यावर चढते.

जाळी तर फळीपेक्षाही फसवी असते, कारण एरवी तिच्यातून पाणी सुरळीत जाताना दिसते. पुरासोबत पालापाचोळा, काटक्या आणि पाणवनस्पती वाहून येतात व सांडव्याची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी जाळीची भिंत होते. अशा वेळी वाहत्या सांडव्यात उतरून ती साफ करू पाहणे जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातले साउथ फोर्क धरण हे एका खासगी क्लबच्या मालकीचे, मासेमारी आणि जलविहारासाठी राखलेले मातीचे धरण होते. घोडागाड्या जाव्यात म्हणून त्याचा माथा उतरवला होता, सांडव्यात मासे अडवणाऱ्या जाळ्या होत्या आणि तळातून पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच काढून टाकलेले होते. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत ते माथ्यावरून वाहून फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात 2,209 माणसे मृत्युमुखी पडली. आपले धरण त्याहून पुष्कळ लहान असेल, परंतु त्याच्या खालच्या अंगाला एखादे घर किंवा रस्ता असेल तर धोक्याचे स्वरूप तेच राहते.

मासे राखण्याचा योग्य मार्ग आहे. सांडव्यावरून पाणी जितके रुंद आणि उथळ वाहते, तितके मोठे मासे कमी निसटतात; त्यामुळे शक्य तेथे आम्ही उंबरा रुंद करण्याचा सल्ला देतो. तरीही अडसर हवाच असेल, तर आडव्या समांतर गजांचा, कचरा पुढे सरकू देणारा अडसर आम्ही विसर्गाचे गणित मांडूनच बसवतो. अधिक खोली हवी असल्यास गाळ काढणे हा उपाय आहे, पण भरावाच्या पायथ्यापासून दूर आणि आम्ही आखून दिलेल्या हद्दीतच.

आमचा सर्वाधिक वेळ जातो तो येथे : तपासणीला आल्यावर सांडव्यात फळ्या, जाळी आणि त्यांमागे साचलेला गाळ आढळतो, पहिला दिवस तो मोकळा करण्यात जातो आणि मूळ उंबऱ्याची पातळी मोजण्यासाठी पुन्हा यावे लागते. त्या दुसऱ्या भेटीचे शुल्क आम्हाला आकारावेच लागते. तेव्हा कोरड्या दिवसांत, आम्ही येण्यापूर्वीच, सांडवा पूर्ण मोकळा करून ठेवावा.

यांत्रिक नौकांच्या लाटा पाण्याकडील उतार पोखरतात, म्हणून भरावाजवळ नौका संथ चालवावी. पोहण्याची जागा सांडवा आणि विमोचकाचे (तळातून पाणी सोडण्याच्या नळाचे) तोंड यांपासून दूर असावी. तेथे दोरी व तरंगते बोये लावावेत. पाण्याची पातळी बदलती असल्याने सूर मारण्यास मनाईच असावी. ये-जा करण्यासाठी उतारावर एकच पक्की पायरीवाट ठेवावी, कारण पायवाटांच्या चरांतूनच पुढे घळी होतात. भरावावर गवत हवे, झाडे नकोत. मात्र मोठे झाड आधीच वाढलेले असेल, तर ते आम्हाला दाखवल्याशिवाय मुळासकट उपटू नये.

पायथ्याशी थोडा स्वच्छ पाझर बहुतेक धरणांत असतो व त्याची नोंद ठेवणे पुरेसे असते. तो गढूळ झाला किंवा अचानक वाढला, तर भरावातील माती वाहून जाऊ लागली आहे असे समजून खालच्या बाजूच्या लोकांना त्वरित दूर हलवावे, स्थानिक आपत्कालीन यंत्रणेला कळवावे आणि मग आम्हाला दूरध्वनी करावा. ती जागा चिकणमातीने बुजवू नये, कारण अडलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. एरवी दुरुस्तीसाठी साठा कमी करतानाही घाई नको : दिवसाला साधारण 30 सेंटिमीटरहून जलद पाणी उतरवल्यास आतला ओला उतार घसरू शकतो.

पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत आम्ही माथा व उंबरा यांच्या पातळ्या, पाझर, बिळे आणि विमोचकाची झडप पाहून लेखी अहवाल देतो. भेटीपूर्वी भरावावरील गवत आखूड कापून ठेवावे आणि मूळ आराखडा उपलब्ध असल्यास तो हाताशी ठेवावा, म्हणजे तपासणी बहुधा एकाच भेटीत पूर्ण होते.