ईस्टरचा खाऊ: खरं अंडं, नीट उकडलेलं

ग्राहकहो,

ईस्टर जवळ आला की आमच्या वसईतल्या दुकानातून ट्रेच्या ट्रे अंडी जातात. कुणाला फुग्यांसाठी (पिठाच्या तळलेल्या गोळ्यांसाठी) हवी असतात, कुणाला केकसाठी. मुलांच्या हातात मात्र बेकरीतून आणलेलं चॉकलेटचं नाहीतर मार्झिपानचं (सुक्या मेव्याच्या गोड लगद्याचं) अंडं पडतं. त्या गोड अंड्यांना आमची ना नाही, सणाला ती हवीतच. पण खरं अंडं पिठात कालवून संपतं आणि मुलांपर्यंत खाऊ म्हणून पोचतच नाही, याची आम्हाला हळहळ वाटते. काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “आमच्याकडे उकडलेलं अंडं कुणी खात नाही हो, वास येतो म्हणतात.” हे पत्रक त्या वाक्यासाठी लिहिलं आहे. अंडं आवडत नाही असं मुलाच्या नावावर लिहून टाकण्याआधी ते उकडायची रीत बदलून पाहा.

ईस्टरला अंडंच का?

मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना अर्थातच उपवास नव्हता, त्या अंडी घालतच राहायच्या. साठलेली अंडी उकडून ठेवली जात आणि सणाच्या दिवशी रंगवून वाटली जात. बंद कवचातून जीव बाहेर येतो, म्हणून ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरीची खूण असाही अर्थ त्याला जोडला गेला. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी अंडी लाल रंगवतात. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून. ईस्टरला घरातली मंडळी एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटतात आणि ज्याचं शेवटपर्यंत फुटत नाही तो जिंकला. हा खेळ आपल्याकडे सहज खेळता येईल. आजी-आजोबांपासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात एकेक उकडलेलं अंडं द्या. फुटलेली अंडी लगेच सोलून मीठ-मिरपूड लावून खायची, म्हणजे न्याहारीही त्यातच होते.

उकडणं: इथेच सगळं बिघडतं किंवा साधतं

ज्या वासाची मुलं तक्रार करतात तो अंड्याचा मूळ वास नाही, जास्त उकडल्याचा वास आहे. खूप वेळ उष्णता लागली की पांढऱ्या भागातून गंधकाचा वायू सुटतो. बलकात लोह असतं. दोन्ही जिथे भेटतात तिथे बलकाभोवती हिरवट-करडं कडं धरतं. ते खाल्ल्याने अपाय होत नाही, पण वास येतो, बलक भुसभुशीत होतो, घशाला लागतो. कुकरला दोन-तीन शिट्ट्या काढून किंवा “राहू दे गॅसवर” म्हणून विसरून गेल्यावर दुसरं काय होणार?

आमची रीत अशी. अंडी फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे गरम पाण्यात पडल्यावर तडकत नाहीत. पातेल्यात अंडी बुडतील एवढं पाणी आधी उकळा. उकळी आल्यावर डावाने एकेक अंडं अलगद सोडा, आच मंद करा आणि घड्याळ लावून अकरा मिनिटं थांबा. पाणी खदखदायला नको, नुसते बुडबुडे येत राहिले की पुरे. वेळ होताच अंडी थेट थंड पाण्यात, शक्यतो बर्फाच्या, आणि तिथे निदान दहा मिनिटं. हे थंड पाणी टाळू नका. अंडं गॅसवरून उतरवलं तरी आतून शिजतच असतं, ते थांबवायला गार पाणी लागतंच. अशा अंड्याचा बलक घट्ट पण ओलसर राहतो, पिवळाधमक दिसतो आणि वास येत नाही.

आता सोलण्याबद्दल. आम्ही विक्रेते असूनही सांगतो, की उकडायला अगदी आजची अंडी नेऊ नका. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटून असतो, सोलताना त्याचे लचके निघतात. अंडं ठेवलं की कवचाच्या बारीक छिद्रांतून कर्बवायू हळूहळू बाहेर पडतो, पांढऱ्या भागाची आम्लता कमी होते आणि पापुद्रा सहज सुटतो. आठवड्याभराचं अंडं उकडायला सगळ्यात चांगलं. सोलायला सुरुवात रुंद टोकाकडून करा. तिथे हवेची पोकळी असते, तिथला पापुद्रा अंगठ्याच्या नखात धरला की नळाच्या धारेखाली कवच एका पट्टीत उतरतं. हे काम सहा-सात वर्षांचं मूल मजेत करतं आणि स्वतः सोललेलं अंडं ते नाकारत नाही, हे आमच्याच घरात पाहिलेलं आहे.

रंग स्वयंपाकघरातलेच घ्या

होळीचे उरलेले रंग घरात असतात, मुलं तेच पुढे करतात. ते चालणार नाहीत, कृपया. कवच सच्छिद्र असतं आणि आतलं अंडं आपल्याला खायचं आहे. बाजारचा रंग घ्यायचाच तर खाद्यरंग घ्या. पण खरी गंमत कांद्याच्या सालींत आहे.

आठ-दहा कांद्यांची वाळकी, तांबूस टरफलं जमवा. भाजीवाल्याकडे मागितलीत तर तो आनंदाने पिशवी भरून देईल. कच्च्या अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान ओलं करून चिकटवा. जुन्या, स्वच्छ धुतलेल्या पातळ मोज्यात किंवा मलमलीच्या तुकड्यात अंडं ताणून बांधा, म्हणजे पान हलणार नाही. मग टरफलं घातलेल्या पाण्यात ते वरच्या रीतीने उकडा आणि गार झाल्यावर त्याच पाण्यात तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मोजा सोडून पान काढलं की तांबड्या-तपकिरी अंड्यावर पानाची फिकट नक्षी उमटलेली असते, शिरांसकट. कढीपत्ता, मेथी, शेवग्याचा पाला, सगळ्यांचे ठसे वेगळे येतात. वाडीत एक फेरी मारून प्रत्येक मुलाने आपलं पान आपण आणायचं.

पिवळ्यासाठी तीन कप पाण्यात मोठा चमचाभर हळद पंधरा मिनिटं उकळा. गुलाबीसाठी बीट किसून पाण्यात उकळा. निळ्यासाठी जांभळा कोबी चिरून उकळा. पाणी जांभळं दिसतं, पण पांढऱ्या कवचावर रंग निळा चढतो, आणि ते पाहताना मोठ्यांचेही डोळे विस्फारतात. प्रत्येक पाणी गाळून, गार करून कपामागे एक मोठा चमचा व्हिनेगर घाला आणि उकडलेली अंडी त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन तासांत फिकट रंग येतो, रात्रभर ठेवली तर गडद. व्हिनेगर घातल्यावर कवचावर बारीक बुडबुडे दिसतील. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, ते आम्लात किंचित विरघळतं आणि त्यामुळे रंग चांगला धरतो. जास्त व्हिनेगर घालू नका, कवच मऊ पडेल. रंगवायला पांढरी अंडी घ्यावीत. तपकिरी अंड्यांवर फक्त कांद्याचा रंग खुलतो.

कवच काढून रंगवलेलं अंडं तर आणखी छान. बिटाच्या एक कप पाण्यात अर्धा कप व्हिनेगर, चमचाभर मीठ आणि थोडी साखर घालून उकळा, गार करा. काचेच्या बरणीत सोललेली अंडी आणि हे पाणी घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी उभं कापलं की कडेला गुलाबी, मग पांढरं आणि मधोमध पिवळा बलक. चव आंबटगोड लागते.

ताटात काय मांडायचं

सगळ्यांत लाडका प्रकार म्हणजे पिल्लू. सहा उकडलेली अंडी सोला. बूड जरासं कापून अंडं ताटलीत उभं राहील असं करा. वरच्या तिसऱ्या भागाशी सुरीचं टोक फक्त बलकापर्यंत खुपसत नागमोडी काप द्या आणि टोपी अलगद उचला. बलक काढून त्यात दोन मोठे चमचे चक्का, चमचाभर लोणी, मीठ आणि चिमूटभर मिरपूड घालून मऊ कालवा. पुन्हा आत भरताना थोडं वर येऊ द्या, त्यावर टोपी तिरकी ठेवा. काळ्या तिळांचे डोळे, गाजराच्या त्रिकोणाची चोच. कवच फोडून डोकावणारी सहा पिल्लं तयार. डोळे लावायचं काम मुलांकडेच सोपवा. एखादं पिल्लू तिरळं झालं तरी हरकत नाही.

पिल्लांना घरटं नाचणीच्या शेवयांचं करा. शेवया वाफवून मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत मटार, किसलेलं गाजर घालून परता, वर लिंबू पिळा. वाटीत दाबून मध्ये खळगा करा आणि त्यात बटेराची तीन उकडलेली अंडी ठेवा. ती लहान असतात, चार मिनिटांत होतात. बटेराची न मिळाली तर नेहमीच्या अंड्याचे अर्धे भाग चालतात.

गरम खाऊ हवा असेल तर आप्पेपात्र काढा. चार अंडी फेटून त्यात बारीक चिरलेला पालक किंवा मेथी, कांदा, गाजर, हळद आणि मीठ घाला. खळग्यांत तेलाचा थेंब सोडून पाऊण भरा, झाकण ठेवा, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शिजवा. साधारण बारा होतात. ज्यांना पालेभाजी दिसली की तोंड फिरवायची सवय आहे, ती मुलंही हे आप्पे खातात.

अंडी शोधण्याचा खेळ खेळणार असाल तर एक विनंती. उन्हाळ्याच्या उकाड्यात झाडाखाली लपवलेलं उकडलेलं अंडं नंतर मुलांना खायला देऊ नका. त्याऐवजी पोकळ कवचं लपवा. कच्च्या अंड्याच्या दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडा, खालचं जरा मोठं. आतला बलक दाभणाने मोडा आणि वरच्या भोकाशी बिनसुईची स्वच्छ सिरिंज टेकवून हवा सोडा, आतलं सगळं खाली वाटीत येतं. तोंडाने फुंकू नका, कच्च्या अंड्यावर साल्मोनेला जंतू असू शकतात. कवच साबणाने धुऊन, वाळवून रंगवा. वाटीतल्या अंड्याचे लगेच आप्पे करा.

अंगी काय लागतं

मध्यम आकाराच्या अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं आणि ७० कॅलरी मिळतात. प्रथिनांचा मोठा वाटा पांढऱ्या भागात आहे, पण अ, ड, ब-१२ ही जीवनसत्त्वं आणि मेंदूच्या वाढीला लागणारं कोलीन बलकात असतं. म्हणून मुलांच्या अंड्यातला बलक काढून टाकू नका. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी किती खावीत हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगावं. अंड्यात क जीवनसत्त्व आणि तंतू मुळीच नसतात. सोबत पेरू, टोमॅटो, काकडी, गाजर असं काहीतरी मांडाच.

गावरान की पांढरं, हा रोजचा प्रश्न. आम्ही दोन्ही विकतो, तरी खरं ते सांगतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. मका आणि हिरवा पाला जास्त खाल्ला की बलक केशरी होतो. चवीसाठी गावरान जरूर घ्या, पण परवडत नाही म्हणून मुलांच्या पोषणात कमी पडतंय असं मनाला लावून घेऊ नका. प्रथिनं दोन्हींत सारखीच.

जपायच्या गोष्टी

घरी नेलेली अंडी धुऊन ठेवू नका, धुतल्याने कवचावरचं नैसर्गिक आवरण निघून जातं. वापरायच्या वेळी धुवा. टोकदार बाजू खाली करून फ्रिजमध्ये ठेवा, दारात नको, आतल्या कप्प्यात. उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासातच फ्रिजमध्ये जावं. कवचासकट ते आठवडाभर टिकतं. सोललेलं, बिटाच्या बरणीतलं सोडलं तर, त्याच दिवशी संपवा. रंगवताना तडकलेलं अंडं खेळात घेऊ नका. अगदी लहान मुलांना अंडं बारीक तुकडे करून द्या, आणि बाळाला पहिल्यांदाच देत असाल तर पूर्ण शिजवलेलं, अगदी थोडं द्या. ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं, उलटी असं काही दिसलं तर पुढे न देता लगेच डॉक्टरांना दाखवा.

मागणी कशी नोंदवायची

२०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. उकडायची आणि रंगवायची पांढरी अंडी झावळ्यांच्या रविवारनंतर (ईस्टरच्या आदल्या रविवारनंतर) लगेच, सोमवार-मंगळवारी न्या, म्हणजे शनिवारपर्यंत ती सोलण्याजोगी होतील. आप्पे, केक आणि फुग्यांसाठीची अंडी शनिवारी सकाळी घ्या. प्रत्येक ट्रेवर आम्ही माल आल्याची तारीख लिहितो, ती पाहून मागा. बटेराची अंडी मोजकीच येतात, ती बुधवारपर्यंत सांगून ठेवा. नंदाखाल, गास, निर्मळ आणि आगाशीला पवित्र शनिवारी दुपारपर्यंत घरपोच देऊ. संध्याकाळी आम्हालाही चर्चमध्ये मिस्सेला (प्रार्थनेला) जायचं असतं, तेव्हा दुकान लवकर बंद होईल.