नोपालची 'बाबा': मेक्सिकोच्या हिरव्या ज्यूसमधला बुळबुळीत मामला

मेक्सिको सिटीत सकाळी मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की ज्यूसच्या गाड्या लागतात आणि त्यांच्यापुढे ऑफिसला निघालेल्या लोकांची ही गर्दी. निम्मे लोक मागतात खुगो व्हेर्दे, म्हणजे हिरवा ज्यूस. आमच्या कोपऱ्यावरची ज्यूसवाली मला 'गुएरिता' म्हणते, अर्थ 'गोरी', आणि मी तर पक्की सावळी, पण इथे बाजारात सगळ्याच गिऱ्हाइकांना असंच म्हणतात, आपल्याकडची भाजीवाली कशी कुणालाही ताई म्हणते तसं. तर पहिल्या दिवशी या बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत एक हिरवा चपटा निवडुंग घेतला, कच्चाच कापला आणि अननस, संत्र्याचा रस, सेलरी, पार्स्लीबरोबर मिक्सरमध्ये फिरवला. मी मनात म्हटलं, झालं, आता आपण अनशापोटी निवडुंग पिणार. गंमत म्हणजे इथले लोकही तो मुद्दाम अनशापोटीच पितात.

चव? काकडी, कैरीचा किंचित आंबटपणा आणि कच्ची फरसबी एकत्र केली तर काहीसं तसं. पण तोंडात राहते ती तार. भेंडीची असते तशी, चांगली लांब सुटणारी. स्पॅनिशमध्ये या बुळबुळीला 'बाबा' म्हणतात (स्त्रीलिंगी आहे, 'ला बाबा'), त्यामुळे "बाबा काढून टाका" असं कुणी म्हणालं की मला अजूनही हसू येतं. आणि इथेसुद्धा निम्म्या लोकांना ती आवडत नाही, ती घालवायचे हजार उपाय सांगतात. माझं म्हणणं उलट आहे. रक्तातली साखर आटोक्यात राहावी म्हणून हा ज्यूस प्यायचा, तर ते काम करते ती तारच, तिला ताब्यात ठेवा, हाकलू नका.

आधी नोपाल म्हणजे काय ते सांगते. शास्त्रीय नाव ओपन्शिया फिकस-इंडिका. नावात 'इंडिका' असलं तरी भारताशी संबंध नाही, युरोपियन लोक तेव्हा अमेरिकेलाच इंडीज म्हणत होते त्यातलं ते इंडिका. त्याचे जे हिरवे हातपंख्यासारखे चपटे भाग आपण पान समजतो ते पान नसून खोड आहे, इथे त्याला पेंका म्हणतात. खरी पानं कोवळ्या पेंकावर बारीक शंकूसारखी दिसतात आणि थोड्या दिवसांत गळून जातात. लाल फळाला म्हणतात तुना. शहराच्या दक्षिणेला मिल्पा आल्ता नावाचा भाग आहे, तिथे उतारावर आपल्याकडे द्राक्षबागा असतात तशा नोपालच्या ओळीच्या ओळी आहेत. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड ज्याच्यावर बसलाय ते झाड हेच, आणि १३२५ साली वसलेल्या तेनोच्तित्लान या अझ्टेक राजधानीच्या नावातही नोच्तली म्हणजे या झाडाचं फळ आहे.

आता हे वाचून कुणी गच्चीवरचा निवडुंग तोडायला निघाला असेल तर थांबा! मराठीत आपण निवडुंग हा शब्द फारच सढळ हाताने वापरतो. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग किंवा शेर हे कॅक्टस नाहीतच, ते युफोर्बिएसी कुळातले, तोडले की पांढरा चीक येतो आणि तो चीक विषारी, डोळ्यात गेला तर फार वाईट. खऱ्या कॅक्टसपैकी ओपन्शियाला असा दुधासारखा चीक येत नाही, बुळबुळीत पाणी येतं. आपल्याकडे माळावर दिसणारा फड्या निवडुंग ओपन्शियाच आहे, लाल बोंडं खाऊन ओठ लाल केलेले बरेच जण असतील, पण तो वेगळ्या जातीचा, काट्यांनी भरलेला, आणि नोपालसारखा खाण्यासाठी निवडून निवडून वाढवलेला नाही. तो ज्यूसमध्ये घालू नका. कोरफडही नोपालच्या जागी चालत नाही, तिच्या सालीखालच्या पिवळ्या रसाने पोट धरून बसायची वेळ येते. बिनकाट्याच्या नोपालवर पुण्याजवळ उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने काम केलंय, पण ते मुख्यतः गुरांच्या चाऱ्यासाठी. त्यामुळे हे घरी करून बघायचं तर सगळ्यात सोपं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना, तिथे मेक्सिकन किराणा दुकानात काटे काढलेले ताजे पेंका सहज मिळतात. बरणीतला खारवलेला नोपाल मात्र नको, त्यात मीठ असतं आणि तो शिजवलेला असतो.

काट्यांबद्दल एक गोष्ट. मोठे काटे दिसतात, त्यांची भीती नाही. खरा त्रास आवातेसचा, म्हणजे केसांसारखी बारीक कुसं, त्यांना उलटे दात असतात, बोटात शिरली की दोन दिवस टोचत राहतात आणि दिसत तर नाहीतच. बाजारातल्या बायका उघड्या हाताने सुरी आडवी धरून सरसर पेंका साफ करतात, एक मिनिटात एक. मी नक्कल करायला गेले आणि संध्याकाळभर चिमटा घेऊन दिव्याखाली बसले. जाड हातमोजे घाला, कडेची पट्टी कापून टाका, काटे जिथून उगवतात तो प्रत्येक डोळा सुरीने खरवडा आणि वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा.

बाजारात मला एका आजीबाईंनी सांगितलं होतं की भल्या पहाटे तोडलेला नोपाल आंबट लागतो, दुपारनंतर तोडलेला कमी. मला वाटलं असंच काहीतरी, पण हे शंभर टक्के खरं आहे आणि याच्या मागचं विज्ञान मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडतं. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, उन्हातच प्रकाशसंश्लेषण उरकतात. वाळवंटात असं केलं तर रंध्रांमधून सगळं पाणी उडून जाईल. म्हणून कॅक्टस रात्रपाळी करतो. रात्री गारव्यात रंध्रं उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि त्याचं मॅलिक आम्ल करून (सफरचंदात असतं तेच) पेशीतल्या रिक्तिकांमध्ये भरून ठेवतो. दिवस उजाडला की दारं बंद, आणि साठवलेलं आम्ल मोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड वापरत उन्हात साखर बनवतो. म्हणजे पहाटे आम्लाची कोठी भरलेली, संध्याकाळी रिकामी. आंबटपणा कित्येक पटींनी कमी-जास्त होतो.

आणि ही गोष्ट पहिल्यांदा चवीवरूनच जगाला कळवणारा माणूस भारतात काम करत होता! बेंजामिन हेन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतीशास्त्रज्ञ, त्याने पानफुटीची पानं चावून बघितली, सकाळी चांगली आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट, आणि १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्र लिहून कळवलं. पानफुटी म्हणजे तीच, जिचं पान आपण वहीत ठेवायचो आणि कडेने पिल्लं फुटायची. तिचं कुळ क्रॅश्युलेसी, म्हणून या सगळ्या प्रकाराला क्रॅश्युलेसियन ॲसिड मेटाबोलिझम, थोडक्यात कॅम म्हणतात. तेव्हा कुंडीत नोपाल असेल आणि आंबट चालत नसेल तर उन्हं उतरताना तोडा. दुकानातल्यात हा चॉइस नसतो.

आता बाबा. ही तार म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, गॅलॅक्टोज, अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज वगैरे, आणि मधेमधे गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल. या आम्लाच्या गटांवर ऋण भार असतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे साखळी ताणून उभी राहते आणि आजूबाजूचं भरपूर पाणी अडकवून धरते. झाडाला हेच पाहिजे, पावसाचं पाणी खोडात धरून ठेवायला. आपल्या ग्लासात मात्र त्याची तार सुटते.

लिंबू पिळलं की काय होतं? आम्लातले हायड्रोजन आयन त्या गटांवर जाऊन बसतात, भार मिटतो, ढकलाढकली थांबते आणि साखळी दमल्यासारखी आखडून बसते. तार कमी. भेंडीत आपण आमसूल किंवा लिंबू घालतो ते याच तत्त्वावर. मीठही थोडंफार हेच करतं, सोडियमचे धन भार त्या ऋण भारांना झाकतात. म्हणजे गाडीवरची बाई अननस आणि संत्रं घालते ती नुसती चवीसाठी नाही. अननसातलं ब्रोमेलेन एन्झाइम तार कापतं असं लोक सांगतात ते चूक, ब्रोमेलेन प्रोटीन तोडतं, आणि ही तार प्रोटीनची नाहीच. काम करतो तो अननसाचा आंबटपणा. (ब्रोमेलेनमुळे दुसरीच गोष्ट होते, यात दही किंवा दूध घातलंत तर थोड्या वेळाने ज्यूस कडू लागतो, कारण दुधातलं प्रोटीन तुटून कडू तुकडे तयार होतात. मी एकदा घातलं. परत नाही.)

दुसरा उपाय लोक करतात तो नोपालच्या पट्ट्यांना जाडं मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवायचा, बरीचशी बाबा बाहेर येते, मग धुऊन टाकायची. कोशिंबिरीसाठी ठीक आहे, इथे नोपालची कोशिंबीर अशीही करतात. ज्यूससाठी करणार असाल तर नुसती काकडीच प्या ना मग!

मिक्सरमुळेही मदत होते. हा द्रव ढवळला की पातळ होतो, कारण साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात, आणि थांबला की पुन्हा घट्ट. सॉसच्या बाटलीला झटका दिल्यावर सॉस एकदम येतो तसंच काहीसं. म्हणून मिक्सर बंद केल्या केल्या प्यायलात तर बुळबुळीत कमी लागतं, आणि फोन आला म्हणून दहा मिनिटं ठेवलात तर चमच्याने खायची वेळ येते.

मी घरी करते ते असं. तळहाताएवढा एक पेंका, साधारण १०० ग्रॅम, साफ करून तुकडे. अर्धी काकडी, सेलरीची एक काडी, मूठभर पार्स्ली (नसेल तर कोथिंबीर, चव बदलते पण वाईट नाही), अननसाची एक चकती, आल्याचा लहान तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि एक सोललेलं संत्रं, बिया काढून अख्खं. गार पाणी एक ग्लास. नोपाल सोडून बाकी सगळं आधी फिरवून घेते आणि नोपाल शेवटी, अर्धं मिनिट. आधीपासून घातला तर खूप फेस येतो, कारण ती तार फेसाचे बुडबुडे फुटूच देत नाही. गाळायचं नाही. गाडीवर विचारतात गाळून हवा का, मी नको म्हणते.

संत्रं अख्खं का, तर गाडीवर संत्र्याचा रस ओततात तो चांगला पेलाभर, आणि पाव लिटर संत्र्याच्या रसात साधारण २० ग्रॅम साखर असते. नोपाल साखरेला चांगला म्हणून प्यायचा आणि त्यात पाच चमचे साखर पातळ करून घालायची, याला काय अर्थ आहे?

आणि साखरेवर खरंच चालतो का? काही प्रमाणात पुरावा आहे. २००७ साली डायबेटीस केअर या जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, टाइप २ डायबेटीस असलेल्या लोकांना चिलाकिलेस, बुरितो, केसाडिया असा नेहमीचा मेक्सिकन नाश्ता दिला, एकदा नुसता आणि एकदा बरोबर ८५ ग्रॅम नोपाल. नोपाल असताना नाश्त्यानंतरची साखर कमी वाढली. कारण बहुधा तेच, तार पोटात जेलसारखी होते, अन्न पोटातून हळू पुढे सरकतं, ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचतं. पण नीट बघा, तो नोपाल जेवणाबरोबर दिला होता, अनशापोटी ज्यूस म्हणून नाही. बरोबर खायला पोळी-भात नसेल तर तार अडवणार कशाला? त्यामुळे मी आता नाश्त्याबरोबर पिते, इथल्या मैत्रिणी नाक मुरडतात. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, दोन्ही मिळून साखर जास्त खाली जाऊ शकते. चरबी वितळते, शरीर 'डिटॉक्स' होतं वगैरे जे गाडीवरच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ते वाचून सोडून द्या.

पोषणाचं बोलायचं तर १०० ग्रॅम नोपालमध्ये १६ कॅलरी, जवळपास ९४ टक्के पाणी, दोन ग्रॅमच्या आसपास फायबर आणि १६४ मिलिग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियमचा आकडा बघून हुरळू नका, त्यातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांत अडकलेलं असतं, शरीराला मिळत नाही. काही लोक वर पालकही घालतात, म्हणजे ऑक्झलेटमध्ये ऑक्झलेट. मुतखडा होऊन गेलेल्यांनी ते टाळलेलं बरं.

उरलेला ज्यूस फ्रीजमध्ये ठेवलात तर दुसऱ्या दिवशी शेवाळी-तपकिरी दिसतो. खराब झालाच असं नाही, लिंबाच्या आम्लाने क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम बाहेर पडतो आणि हिरवा रंग जातो. बघवत नाही हे खरं.

आणि मिक्सरचं भांडं ताबडतोब धुवा. मी एकदा तसंच ठेवून कामावर गेले, संध्याकाळी झाकण निघेना. मग कळलं की मेक्सिकोत जुन्या काळापासून घरांना चुना लावताना त्यात नोपालची बाबा मिसळतात, चुना भिंतीला घट्ट धरून राहावा म्हणून, आपल्याकडे वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घालायचे तसंच. गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तेव्हा सुटलं.