स्तनाच्या कर्करोगासाठी महात्मा फुले योजना: फाइल नेमकी कुठे अडते?

राज्य सरकारची ही मोफत उपचारांची योजना कोणाला मिळते, हे दोन ओळींत सांगून होतं. 1 जुलै 2024 पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलापाशी जायचं. तो नोंदणी करतो, रुग्णालय योजनेकडून उपचाराची मंजुरी मागवतं. तरीही बायका हात हलवत परत येतात.

बहुतेक वेळा घोळ रेशनकार्डाचा असतो. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नाव माहेरच्या कार्डावर, नाहीतर तिथून कमी झालं पण सासरी चढलंच नाही. धान्य मिळतंय ना, मग तहसीलला खेटे कोण घालणार? कार्डावर नवरा, सासू, दोन मुलं, सगळे असतात. जिला गाठ आहे तिचंच नाव नसतं. त्यात आधारवर माहेरचं आडनाव. दुरुस्ती करायची तर माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग सासरच्या तालुक्यात पुरवठा शाखेत नाव चढवण्याचा अर्ज द्यायचा. मुंबईत हे काम शिधावाटप कार्यालयात होतं. दोन तालुके, दोन साहेब आणि दोन्हीकडे सर्व्हर डाऊन. म्हणून माझं सांगणं, माहेरच्या कार्डावर नाव असेल तर घाईने कमी करू नका. आधी तेच कार्ड आरोग्यमित्राला दाखवा आणि चालतं का ते विचारा, नाहीतर ना इथली ना तिथली अशी गत होते. अर्ज करावाच लागला तर विवाह नोंदणीचा दाखला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडा. आजारपणाचा कागद पाहून फाइल लवकर हलल्याचं मी पाहिलंय. बाई सत्तरीच्या पुढची असेल तर आयुष्मान वयवंदना कार्ड, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड, काढा. ते नुसत्या आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही.

दुसरा कागद बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा लॅबमध्ये तपासल्याचा, आणि इथे चूक झाली की भरून काढणं अवघड. मागे एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत बिलं घेऊन आल्या होत्या. गावाजवळच्या एका दवाखान्यात गाठ "काढून टाकली" होती. ती तपासायला पाठवलीच नव्हती. पिशवीत सलाईनपासून कापसापर्यंत सगळ्याची पावती, पण कर्करोग आहे असं म्हणणारा एकही कागद नाही. अशा वेळी मंजुरी मागायची कशाच्या जोरावर?

हा नुसता सरकारी हट्ट नाही. आज उपचार ठरतात ते गाठीच्या जातीवर. सुईने तुकडा काढून ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठीत या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या होतात. त्यावरून हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या, हर-टूवर चालणारं ट्रास्टुझुमॅब औषध की नुसती केमो, हे कळतं. काही जणींना केमो आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असाच क्रम लागतो. त्यामुळे आधी बायोप्सी, मग सुरी. लॅबमधून रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. वस्तू छोट्याच असतात, पण मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा त्याच मागतात. डबीत घालून ठेवा, उन्हात नको.

तिसरी गोष्ट मी रोज सांगतो आणि रोज कोणीतरी उशिरा ऐकतं: आधी पैसे भरून मग योजनेतून परत मिळत नाहीत. ही कॅशलेस योजना आहे, मंजुरी आधी लागते. "ऑपरेशन उरकून घ्या, कागद नंतर बघू" असं कोणी म्हणालं तर आरोग्यमित्राला गाठल्याशिवाय सही करू नका. पाच लाख एकटीचे नाहीत, अख्ख्या कुटुंबाचे आहेत. त्याच वर्षी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली असेल तर किती उरलेत ते विचारा. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तिथे कर्करोगाचे सगळे उपचार होतात असंही नाही. कुठे शस्त्रक्रिया होते, पण रेडिएशनचं मशीन नसतं. निघण्याआधी 155388 वर फोन करून उपचाराचं नाव घेऊन विचारा.

गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात हाताने तपासणी फुकट होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने वीस वर्षं केलेल्या अभ्यासात या साध्या तपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटलेले दिसले.

राहता राहिला प्रवास. उपचाराला किंवा फेरतपासणीला जाताना कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी लागतो. रुग्णालयाच्या साध्या लेटरहेडवर लिहून नेलंत तर खिडकीवरचा बाबू तो परत करतो, आणि त्यात त्याची चूक नसते.